तिसऱ्या डब्यात काय आहे?

मुलांनो, आज आपण स्वयंपाकघरातून सुरुवात करू. घाबरू नका, भांडी घासायला लावणार नाही!

समजा, घरी पाहुणे आलेत. आईचे दोन्ही हात कणकेने भरलेत. ती आतून हाक मारते, "अरे, फडताळातल्या तिसऱ्या डब्यातली साखर चहात टाक बरं!" तुम्ही तिसरा डबा काढता, तीन चमचे टाकता, ढवळता आणि चहा पाहुण्यांपुढे ठेवता. पाहुणे एक घोट घेतात... आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. कारण कालच आजीने डबे घासूनपुसून पुन्हा मांडलेत. आज तिसऱ्या डब्यात साखर नाही, मीठ आहे!

चूक कुणाची? आईची? तुमची? की आजीची? खरं सांगायचं तर चूक त्या "तिसऱ्या" शब्दाची. आई नुसतं "साखरेच्या डब्यातली साखर टाक" म्हणाली असती आणि डब्यावर "साखर" अशी चिठ्ठी असती, तर डबा तिसरा असो की तेरावा, चहा गोडच झाला असता.

आता तुम्ही म्हणाल, "बाई, हे तर आम्हाला पहिलीतच कळतं. यात विशेष ते काय?" थांबा. हीच चूक तुमच्या या बाईंनी केली होती. आणि चहात नाही, तर मुलांच्या गुणपत्रकात केली होती!

शेहेचाळीस कुठे गेले?

मी नगरला सावेडीत राहते. गावाचं आताचं नाव अहिल्यानगर, पण आमच्याकडे बोलताना अजून सगळे नगरच म्हणतात. मी चौथीच्या वर्गाला शिकवते. वर्गात ३८ मुलं. दोन वर्षांपूर्वी आम्ही ५० गुणांची सराव चाचणी घेतली. विषय चार : मराठी, गणित, इंग्रजी आणि परिसर अभ्यास.

माझी एक भाची कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. तिने मला सुट्टीत संगणकाची एक भाषा शिकवली होती. त्या भाषेत चार ओळी लिहिल्या की सगळ्या मुलांचे गुण तक्त्यात आपोआप भरले जातात. बेरीज होते, टक्केही निघतात. मी खूश! पहिल्या चाचणीला काम झकास झालं. दुसऱ्या चाचणीला गुण भरायचा कोरा तक्ता नवा आला. मी त्याच जुन्या चार ओळी चालवल्या. बेरजा तपासल्या. कागदावरच्या बेरजांशी बरोबर जुळल्या. मग काय, गुणपत्रकं वाटून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच एक गृहस्थ दारात उभे. पाइपलाइन रोडला त्यांचा भाजीचा गाडा आहे. मुलगा माझ्या वर्गात. ते म्हणाले, "बाई, रागवू नका. पण हा पोरगा रोज संध्याकाळी माझ्या गाड्यावर बसतो. पावशेर, अर्धा किलो, पाऊण किलो, सगळे हिशेब तोंडी करतो. सुट्टे पैसे कधी चुकवत नाही. आणि ह्याला गणितात एकोणीस? काल मी ह्याला लई बोललो. रात्री जेवला नाही."

मुलगा बापाच्या मागे उभा होता, मान खाली घालून. मी त्याला जवळ घेतलं तर हळूच म्हणाला, "बाई, मी सगळी गणितं सोडवली होती."

मी कपाटातून त्याचा पेपर काढला. गणित, ५० पैकी ४६! इंग्रजी, ५० पैकी १९. आणि गुणपत्रकावर? गणित १९, इंग्रजी ४६. मला घामच फुटला. मग एकेक करून सगळे पेपर पाहिले. अडतीसच्या अडतीस मुलांचं गणित आणि इंग्रजी यांची अदलाबदल झाली होती! बहुतेकांना दोन्ही विषयांत जवळपास सारखेच गुण होते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. बेरीज तर बदललीच नव्हती, त्यामुळे मलाही शंका आली नाही. एकाच मुलाच्या गुणांत मोठा फरक होता, आणि त्याने रात्रीचं जेवण टाकलं होतं.

घोळ कसा झाला?

हे समजायला आधी तक्ता म्हणजे काय ते पाहू. तक्त्यात आडव्या ओळी असतात आणि उभे रकाने. आमच्या तक्त्यात एका मुलाची एक ओळ. आणि रकाने असे :

जुना तक्ता : १. हजेरी क्रमांक, २. नाव, ३. मराठी, ४. गणित, ५. इंग्रजी, ६. परिसर अभ्यास.

नवा तक्ता : १. हजेरी क्रमांक, २. नाव, ३. मराठी, ४. इंग्रजी, ५. गणित, ६. परिसर अभ्यास.

आलं का लक्षात? नव्या तक्त्यात चौथ्या आणि पाचव्या रकान्याने जागा बदलली होती. आणि माझा हुकूम काय होता? "चौथ्या रकान्यात गणिताची यादी भर. पाचव्या रकान्यात इंग्रजीची यादी भर." संगणक बिचारा आज्ञाधारक. त्याने चौथ्यातच भरली. रकान्याच्या डोक्यावर काय लिहिलंय, ते बघ असं मी त्याला सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या डब्यातलं मीठच हे!

एका अक्षराची भाषा

मी वापरलेल्या भाषेचं नाव आहे "आर". बस्स, एवढंच. एका अक्षराचं नाव! याची गंमत सांगते. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९७६ साली जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडेमोडीसाठी एक भाषा तयार करायला घेतली. तिचं नाव "एस". पुढे १९९० नंतरच्या काळात न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांनी तिच्यासारखीच, पण सर्वांना फुकट वापरता येईल अशी भाषा बनवली. एकाचं नाव रॉस इहाका, दुसऱ्याचं रॉबर्ट जेंटलमन. दोघांच्या नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर "आर". म्हणून भाषाही "आर"! तिची पहिली पक्की आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी निघाली. म्हणजे वाढदिवसाची खरी तारीख चार वर्षांतून एकदाच!

आज जगभरचे शास्त्रज्ञ, डॉक्टर, हवामानाचे अभ्यासक ही भाषा वापरतात. तिच्यात एखाद्या रकान्यात माहिती कशी भरायची ते पाहू. संगणकावर हे इंग्रजी अक्षरांत लिहितात. आपण समजायला सोपं जावं म्हणून मराठीत लिहू.

पहिली रीत, क्रमांकाने :

गुण[, ४] <- गणिताची_यादी

इथे "गुण" हे तक्त्याचं नाव. मधला बाण पाहिलात? लहानपणाचं चिन्ह आणि एक आडवी रेघ मिळून तो होतो. उजवीकडची वस्तू डावीकडच्या डब्यात टाक, असा त्याचा अर्थ. माझी चूक हीच होती, त्या ४ ची.

दुसरी रीत, नावाने :

गुण$गणित <- गणिताची_यादी

तक्त्याचं नाव, मग डॉलरची खूण, मग रकान्याचं नाव. म्हणजे "गुण नावाच्या तक्त्यातला गणित नावाचा रकाना". तो चौथा असो की चाळिसावा, संगणक शोधून काढतो.

तिसरी रीतही नावानेच :

गुण[["गणित"]] <- गणिताची_यादी

दुहेरी चौकटी कंसात, अवतरणचिन्हांत नाव. काम तेच. मग दोन रीती कशाला? तीच तर खरी मजा आहे. त्यासाठी एक चिठ्ठी घेऊ.

चिठ्ठीवरचं नाव

समजा, मी वर्गात एका मुलीला बोलावलं. तिच्या हातात घडी घातलेली चिठ्ठी दिली. चिठ्ठीत लिहिलंय "गणित". मी म्हटलं, "चिठ्ठीत ज्या विषयाचं नाव आहे, त्या विषयाच्या खणात ह्या वह्या ठेव." शहाणी मुलगी काय करेल? चिठ्ठी उघडेल, वाचेल आणि गणिताच्या खणात वह्या ठेवेल. पण एखादी वेंधळी मुलगी चिठ्ठी उघडणारच नाही. ती एक नवा खण करेल, त्यावर "चिठ्ठी" असं नाव लिहील आणि वह्या तिथे ठेवून देईल!

संगणकाचंही अगदी असंच होतं. आधी चिठ्ठी लिहू :

चिठ्ठी <- "गणित"

आता जर लिहिलं गुण$चिठ्ठी <- गणिताची_यादी, तर संगणक चिठ्ठी उघडत नाही. डॉलरच्या पुढे जे अक्षर दिसेल तेच नाव, असं तो समजतो. तक्त्यात "चिठ्ठी" नावाचा नवा रकाना तयार होतो. गणिताचा रकाना होता तसाच राहतो. आणि वाईट म्हणजे, संगणक यावर चकार शब्द बोलत नाही!

पण जर लिहिलं गुण[[चिठ्ठी]] <- गणिताची_यादी, तर तो आधी चिठ्ठी उघडतो, आत "गणित" वाचतो आणि बरोबर गणिताच्या रकान्यात गुण भरतो. इथे चिठ्ठीला अवतरणचिन्हं नाहीत, हे ध्यानात ठेवा. अवतरणचिन्हं दिली की त्याचा अर्थ "हे शब्दशः नाव आहे". नाही दिली की त्याचा अर्थ "आत काय आहे ते बघ".

याच भाषेत मोठमोठ्या तक्त्यांसाठी "डेटा डॉट टेबल" नावाचं एक साधन वापरतात. त्यात बाणाऐवजी अपूर्णविराम आणि बरोबरचं चिन्ह जोडून := असं लिहितात. तिथेही नियम तोच. नुसतं चिठ्ठी := लिहिलं तर "चिठ्ठी" नावाचा रकाना. कंसात (चिठ्ठी) := लिहिलं तर चिठ्ठीतल्या नावाचा रकाना. एका कंसाने किती फरक पडतो पाहा!

चिठ्ठीचा फायदा काय? माझ्याकडे चारच विषय होते. पण रकाने चारशे असले तर? चारशे वेळा लिहित कोण बसणार? मग संगणकाला सांगायचं, "या नावांची यादी घे. एकेक नाव चिठ्ठीवर लिही. त्या नावाच्या रकान्यात त्या नावाची माहिती भर. मग पुढचं नाव." माणूस थकेल, संगणक थकत नाही.

पावसाचा तक्ता

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. आपल्या जिल्ह्यात १४ तालुके आहेत : अकोले, संगमनेर, कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, शेवगाव, पाथर्डी, नगर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि जामखेड. समजा तुम्ही पावसाचा तक्ता केला. १४ तालुक्यांच्या १४ ओळी. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर हे चार रकाने.

जिल्हा एकच, पण पाऊस केवढा वेगळा! अकोल्याच्या पश्चिमेला सह्याद्री उभा आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर, तिथेच आहे. भंडारदरा, रतनवाडी, घाटघर या भागात पावसाळ्यात दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही. ढग तिथे रिकामे होतात. पूर्वेकडे येईपर्यंत त्यांच्याजवळ फारसं काही उरत नाही. म्हणून नगर, पाथर्डी, कर्जत, जामखेड हा पर्जन्यछायेचा, दुष्काळी भाग.

समजा, तुम्हाला जुलैचे सातच तालुक्यांचे आकडे मिळाले आणि तुम्ही ते तसेच जुलैच्या रकान्यात टाकले. काय होईल? ओळी १४, आकडे ७. तुम्हाला वाटेल संगणक तक्रार करील. नाही! आर भाषेचा साधा तक्ता म्हणतो, "सातदुणे चौदा, जमतंय की!" आणि तेच सात आकडे पुन्हा एकदा खाली भरून टाकतो. म्हणजे पहिल्या अकोल्याचा मुसळधार पाऊस आठव्या शेवगावलाही पडला! शेवगावचे लोक म्हणतील, "असा पाऊस खरोखर पडू दे!" पण कागदावरच्या पावसाने विहिरी भरत नाहीत.

आकडे पाच असते तर मात्र चौदाला पाचाने भाग जात नाही म्हणून त्याने साफ नकार दिला असता. डेटा डॉट टेबल अधिक कडक आहे. एकच आकडा दिला तर सगळ्या ओळींत भरतो, पण चौदाला सात दिले तर घेत नाही. कडक मास्तर कधीकधी बरे असतात, नाही का?

मग न मिळालेल्या सात तालुक्यांचं काय करायचं? शून्य लिहायचं? अजिबात नाही. शून्य म्हणजे "पाऊस मोजला, पण पडला नाही". इथे तर आकडाच मिळालेला नाही. त्यासाठी आर भाषेत "एनए" अशी खूण आहे. अर्थ, "माहिती नाही". परीक्षेला गैरहजर मुलाला शून्य देणं आणि "गैरहजर" लिहिणं यात फरक आहे ना? तसंच हे.

नाव बदललं तर?

नावाने हाक मारायची म्हणजे नाव बरोबर हवं. "पाऊस" आणि "पाउस" आपल्याला एकच वाटतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द. तुम्ही शुद्धलेखनात चुकलात की तो गुपचूप नवा रकाना उघडून बसतो. मराठीच्या बाई ऱ्हस्व-दीर्घावरून का ओरडतात, ते आता कळलं?

आपल्या जिल्ह्याचंच पाहा. २०२४ साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. राज्याच्या तक्त्यात प्रत्येक जिल्ह्याचा एक रकाना आहे असं समजा. जुन्या तक्त्यात रकान्याचं नाव "अहमदनगर", नव्यात "अहिल्यानगर". जुना हुकूम नव्या तक्त्यावर चालवला, तर संगणक अहमदनगर नावाचा आणखी एक रकाना जोडील आणि एकाच जिल्ह्याचे दोन जिल्हे होतील! म्हणून भरण्याआधी विचारायचं, "या नावाचा रकाना आहे का?" असेल तर भरायचा, नसेल तर थांबायचं.

आकडे गावाला वाचवतात

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा रकान्याचं काय कौतुक! मग आपल्या नगर तालुक्यातल्या हिवरेबाजारची गोष्ट ऐका. एकेकाळी इथली माणसं दुष्काळामुळे गाव सोडून कामाला जात. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने श्रमदान केलं. बांध घातले, चर खणले, झाडं लावली. पण त्याहून वेगळी गोष्ट म्हणजे गाव पाण्याचा ताळेबंद मांडू लागलं. पाऊस किती पडला? विहिरींत पाणी किती? माणसांना प्यायला किती लागेल? जनावरांना किती? उरलेल्यात कोणती पिकं घेता येतील? पाऊस कमी झाला की जास्त पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पोपटरावांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

आता विचार करा. अशा ताळेबंदात "माणसांना लागणारं पाणी" आणि "शेतीला उरलेलं पाणी" हे दोन रकाने कुणी अदलाबदल केले तर? बेरीज तीच येईल. माझ्या गुणपत्रकासारखीच! पण उन्हाळ्यात हंडे कोरडे पडतील.

आकड्यांची अशी काळजी घेणारे थोर लोक आपल्या महाराष्ट्रात झालेत. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे त्यातलं एक नाव. जन्म १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. देशात पीक किती आलं, ते थोडी शेतं नीट निवडून, मोजून कसं ओळखायचं, यावर त्यांनी मोठं काम केलं. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत त्यांनी जगातल्या भुकेचा अभ्यास केला. एका रकान्यातला एक आकडा म्हणजे कुणाच्या तरी ताटातली भाकरी असते.

आणि तो मुलगा?

त्या दिवशी मी आधी हुकूम दुरुस्त केले. क्रमांक खोडून नावं लिहिली. मग सगळी गुणपत्रकं परत मागवली, नवी दिली. वर्गासमोर उभी राहून म्हटलं, "मुलांनो, चूक माझी झाली. संगणकाची नाही, तुमची तर मुळीच नाही." पहिल्यांदा थोडं अवघड वाटलं. पण चूक वर्गासमोर झाली, तर माफीही वर्गासमोरच मागायला हवी ना?

संध्याकाळी भाजी घ्यायला मुद्दाम त्या गाड्यावर गेले. पाऊण किलो वांगी आणि पावशेर मिरची घेतली. मुलाने क्षणात हिशेब सांगितला. वडील म्हणाले, "बाईंना कोथिंबीर टाक रे वरून." मुलगा जुडी देताना हसला आणि म्हणाला, "बाई, पण इंग्रजीचे एकोणीस खरेच होते ना?" मी म्हटलं, "हो रे बाबा, ते खरेच होते. उद्यापासून ते वाढवू."

आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. गुणपत्रकातला आकडा पटला नाही, तर आधी मुलाला बोलू नका. आधी त्याला विचारा, मग पेपर बघा. तक्ता चुकू शकतो.

करून पाहा

सरळ उभ्या बाजूंची, सपाट बुडाची बरणी घ्या. पावसाळ्यात ती मोकळ्या जागी ठेवा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी पट्टीने पाणी किती मिलिमीटर आहे ते मोजा आणि बरणी रिकामी करा. वहीत तीन रकाने आखा : तारीख, पाऊस, आभाळ कसं होतं. एखाद्या दिवशी मोजायचं राहिलं तर शून्य लिहू नका, "माहिती नाही" लिहा. महिन्याने तुमचा स्वतःचा पावसाचा तक्ता तयार!

डोकं चालवा

१. चिठ्ठी <- "इंग्रजी" असं लिहिलं. मग गुण$चिठ्ठी <- ५० लिहिलं. इंग्रजीचे गुण बदलतील का?

२. तक्त्यात १२ ओळी आहेत. साध्या तक्त्यात ४ आकडे दिले तर संगणक काय करील? आणि ५ दिले तर?

उत्तरे : १. नाही. "चिठ्ठी" नावाचा नवा रकाना होईल आणि सगळ्या ओळींत ५० येईल. २. चार आकडे तीन वेळा भरील. पाच दिले तर नकार देईल, कारण बाराला पाचाने भाग जात नाही.